बांधावरचं युनो

“युनो बसलंय ना बांधावर? मग डोकी नाय फुटायची. पाणीबी नाय सुटायचं,” ओतूरच्या एसटी स्टँडवर आम्हाला घ्यायला आलेल्या सुनंदामावशी फोनवर कुणाला तरी म्हणाल्या. माझ्या मैत्रिणीच्या, केतकीच्या या मावशी. आम्ही पुण्याहून त्यांच्या डिंगोऱ्याच्या घरी निघालो होतो. मी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. केलंय, तेही इंग्रजीतून. त्यामुळे युनो डिंगोऱ्यात काय करतंय, हे विचारायचा धीर झाला नाही.

जेवायला मासवडी (नावालाच मास, आत तीळ-खोबरं) होती. जेवून शेतावर गेलो. पलीकडे मावशींच्या थोरल्या दिरांचं कांद्याचं रोप हिरवंगार, अलीकडे मावशींचं शेंड्याला पिवळं. मधल्या बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची आणि तीत विटक्या निळ्या टोपीतले निवृत्त हवालदार. आफ्रिकेत शांतिसेनेत होते, म्हणून गावाने त्यांना युनो केलेलं. विहीर दोन्ही घरांची. पण दिरांनी मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं होतं. मागे यावरून दगड चालले, मावशींच्या यजमानांना टाके पडले. हवालदार बसायला लागल्यापासून एकही दगड उडाला नव्हता.

“तिकडं बायका बाजाराला निघाल्या की आमी रस्त्यावर नुसतं उभं ऱ्हायचो,” ते म्हणाले. “तेवढ्यानं त्या जित्त्या परत यायच्या.”

मग इथलं कुलूप का तोडत नाही, असं केतकीने विचारलं.

“तसा हुकूम नाय, ताई.”

हुकूम देणारे पाच पंच संध्याकाळी डेअरीच्या ओट्यावर जमले. निर्णय पाचांच्या एकमतानेच व्हायचा, असा नियम त्या पाचांनीच केलेला. त्यातले एक दिरांचे सासरे. पाण्याचा विषय निघाला की ते खाकरायचे आणि विषय पुढच्या बैठकीवर जायचा. मागच्या बैठकीत पंचांनी चिंता व्यक्त केली होती. या वेळी तीव्र चिंता व्यक्त करायचं ठरलं. ‘तीव्र’वर बरीच चर्चा झाली. चहा दोनदा आला. दोन्ही घरांनी संयम बाळगावा, असंही ठरलं. कुलूप दिरांचं, संयम दोघांचा.

आमच्यासोबत आलेल्या मावशींनी मूठभर रोप उपटून आणलं होतं. ते त्यांनी पंचांपुढे ठेवलं. “उद्या पाणी नाय मिळालं तर हे गेलं. मग मी लावू काय?”

सासरे खाकरले.

हवालदार टोपी काढून आत बघत बसले. मग सगळ्यात वयस्कर पंच माझ्याकडे वळले. “पोरी, तू ह्येच शिकलीस म्हनं. मोठाले देश काय करत्यात अशा वक्ताला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्गात मी दोन वर्षांत हात वर केला नव्हता. पंचांपुढचं रोप मान टाकून पडलं होतं.

“रोप मरेपर्यंत बैठका घेतात,” मी म्हणाले. “मग शांतता झाली, असं जाहीर करतात.”