आतून लावायचा बोल्ट

जमना तेव्हा लहान होती, परकरात खेळायच्या वयाची. अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होती आणि कुडापलीकडं तिच्या याडीचं आणि बापाचं वाजलं. तांड्यात आईला याडी म्हणतात. भांडणं तांड्याला काही नवी नव्हती. बैलावरून, मेव्हण्यावरून, भाजीतल्या मिठावरून रोज एखादं ठरलेलंच. हे मात्र न्हाणीवरून होतं. न्हाणी म्हणजे तरी काय, कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या करून केलेला आडोसा आणि समोर लोंबतं पोतं.

"मले दार पाह्यजे," याडी म्हणत होती, "आन आतून कडी."

"कडी? कायले? कोणापासून लपतं वं? सारे घरचेच तं हाय."

"घरचेच हाय म्हणूनच."

बापानं तांब्या आपटला आणि बाहेर निघून गेला. दार झालं नाही, कडी तर नाहीच नाही. पण याडीचं ते बोलणं जमनाच्या कानात जाऊन बसलं ते बसलंच.

पुढं तिचं लग्न महागावकडच्या एका तांड्यात खेमसिंगशी झालं. तिथंही पऱ्हाट्यांचीच न्हाणी. आत बाई आहे हे कळावं म्हणून पऱ्हाट्यांवर घागरा टाकून ठेवायची रीत. घागरा दिसला की माणसांनी खाकरून माघारी फिरायचं. माणसं फिरायची बिचारी. बकऱ्यांना मात्र ही रीत कोणी शिकवली नव्हती. एकदा बकरीनं घागऱ्याचा काठ चावून नेला आणि जमनाबाई ओल्या अंगानं पऱ्हाट्यांतून तिला अशा शिव्या देत राहिली की अख्ख्या तांड्याला वाटलं, नवऱ्यालाच देते आहे. खेमसिंग आठवडाभर मान वर करून चालला नाही.

खेमसिंग वणीच्या कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होता. बोल्ट हा शब्द तांड्यात आपल्याच नवऱ्यानं आणला, असं जमनाबाई छातीठोकपणे सांगायची. खरं म्हणजे बैलबंडीला आणि नांगराला बोल्ट आधीपासून होते. पण खेमसिंगनं तो शब्द तोंडी केला हे खरं. चाकाचा बोल्ट, पंपाचा बोल्ट, लोखंडी खाटेचा बोल्ट. सोयरीक पक्की झाली की 'बोल्ट बसला'. कोणी वेड्यासारखं बोललं की त्याच्या डोक्यातला बोल्ट ढिला. रात्री दार लावायचं तरी 'बोल्ट मार'. तांड्यातली एकेक वस्तू बोल्टानं धरून ठेवलेली, आणि न्हाणीचं पोतं तेवढं वाऱ्यावर.

एकदा तिनं खेमसिंगला सांगितलं, "वणीवरून येताना न्हाणीसाठी बोल्ट आणजा." त्यानं ट्रकच्या चाकाचा, मनगटाएवढा जाड बोल्ट पुसूनपासून, कागदात गुंडाळून आणला.

"हा कुठं लावू, तुह्या कपाळाले?"

"दाराचा पाह्यजे असं म्हणाली असती तं! आन दार हाय कुठं आपल्या न्हाणीले?"

तिनं त्या बोल्टानं लसूण ठेचायला सुरुवात केली. लसूण फार छान ठेचला जायचा.

खेमसिंग गेला, पोरगा बाबुलाल मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून उज्ज्वला घरात आली. मग एका वर्षी घरकुल मंजूर झालं आणि पक्क्या विटांचं घर उभं राहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकाला जागा आणि घराला लागूनच न्हाणी, फायबरच्या दाराची. बाबुलालनं दारं-खिडक्या स्वतः निवडल्या. कोणाला हात लावू दिला नाही.

घरभरणीच्या सकाळी मांडव उभा राहिला, बुंदी पाडून झाली, वांग्याची भाजी रटरटायला लागली. त्या घराण्याची रीत अशी की घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं दुधाचं भांडं घेऊन पहिलं पाऊल आत टाकायचं आणि नव्या चुलीवर दूध उतू घालायचं. तोवर दुसरं कोणी उंबरा ओलांडायचा नाही. जमनाबाई नवं लुगडं नेसून, दूध घेऊन दारात आली. आत जायच्या आधी तिनं दार पुढंमागं करून पाहिलं; त्याला आतून-बाहेरून बोल्ट होता. मग खिडकीतून आतल्या दारांकडं नजर टाकली, मागं जाऊन न्हाणीचं दारही पाहिलं. आतल्या प्रत्येक दाराला बाहेरून चकचकीत बोल्ट. आतून काहीच नाही, नुसती कोरी पाठ. न्हाणीच्या दारालाही नाही.

ती माघारी फिरली. बांधकामातून उरलेल्या रेतीच्या ढिगावर जाऊन बसली, दुधाचं भांडं मांडीत घेऊन.

"याडी, काय झालं? पाय दुखून राह्यले का?" बाबुलाल धावत आला.

"पाय बरे हाय. आतून बोल्ट कुठं हाय?"

"आतून कायले? चोरासाठी मोठ्या दाराले हाय ना."

"चोरासाठी नाही म्हणत मी. घरच्यांसाठी."

बाबुलाल हसला. मग तिचं तोंड पाहून त्याचं हसू विरलं. "लावू ना मंग. उद्या लावू. चल, लोक पाहून राह्यले."

"उद्या लावशील तं मी उद्या येईन."

लोक खरोखरच पाहत होते. पत्रावळी मांडून झाल्या होत्या. सोयऱ्यांतल्या एकानं शेजाऱ्याच्या कानात विचारलं, म्हातारीच्या डोक्याचा बोल्ट तं नाही ना सरकला? ते जमनाबाईला ऐकू गेलं. "सरकला नाही दादा," ती म्हणाली, "आताच घट्ट झाला."

शेवटी तांड्याचा नायक धनसिंग उठून आला. चार माणसांत त्याचा शब्द चालायचा.

"जमनाबाई, मुहूर्त टळून राह्यला."

"टळू द्या, नायक. माह्या आंघोळीचा मुहूर्त जन्मभर टळला, तवा कोणी पंचांग नाही काढलं."

"पोराची चार लोकांत शोभा करतं का?"

"शोभा त्यानंच केली. बाहेरून पाह्यजा, कशी चमकून राह्यली."

बाया पदराआड हसल्या. बाबुलालचा चेहरा लाल झाला. तो खाली बसला आणि पहिल्यांदा हळू आवाजात बोलला, कारण आता तो खरं बोलत होता.

"याडी, पलीकडच्या तांड्यात काय झालं तुले माहीत हाय. त्या पोरीनं आतून लावून घेतलं, आन दार तोडेपर्यंत... मले भेव वाटते. म्हणून नाही लावला."

हसणं थांबलं. भाजीखालचा जाळ कोणीतरी उगाच सारखा केला. जमनाबाईनं भांडं रेतीत नीट रोवून ठेवलं, मग बोलली.

"त्या पोरीले बोल्टानं नाही मारलं, बाबुलाल. बोल्टाच्या बाहेर कोण उभं होतं ते पाह्य. जिले दार लावून घडीभर रडता येते, ती रडते आन तोंड धुऊन बाहेर येते. जिले रडायले आडोसा नाही, तिच्यासाठी भेव बाळग."

धनसिंग नायकानं मिशीवरून हात फिरवला आणि उज्ज्वलाकडं वळला. त्याला वाटलं असावं, सून नाही म्हणेल आणि विषय मिटेल. "तूच सांग बाई, तुले पाह्यजे का?"

उज्ज्वला मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. नव्या साडीची घडी अजून मोडली नव्हती. सासऱ्याच्या वयाच्या माणसापुढं ती कधी बोललेली नव्हती.

"पाह्यजे," ती म्हणाली. कोणाला ऐकू आलं नाही. मग ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की तिचं तीच दचकली. "मले पाह्यजे! पाया खोदला तवाच म्या ह्यायले सांगतलं होतं. आंघोळीले पाणी घेतलं का मले गाणं म्हणत राहा लागते, का कोणी आत येऊ नये. मले गाणं येत बी नाही!"

आणि ती जाऊन रेतीवर सासूशेजारी बसली. तिच्यामागून दोन-तीन जावा-नणंदा आल्या. रेतीचा ढीग काही फार मोठा नव्हता. शेवटची घसरली आणि दुधाच्या भांड्यावर पडता पडता वाचली.

बाबुलालनं मोटरसायकलला किक मारली. ती पहिल्यांदा सुरू झाली नाही, तेव्हा त्यानं तिलाही दोन शब्द सुनावले. महागावातून बोल्ट घेऊन तो आला तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. फॅब्रिकेशनवाला गोपाल पाहुणा म्हणून आला होता, धुवट पांढऱ्या शर्टात. शर्ट काढून बनियनवर तोच कामाला लागला. रीत मोडायला नको म्हणून गोपालनंही उंबरा ओलांडला नाही; न्हाणीचं दार काढून त्यानं अंगणात आणलं, आतल्या बाजूला बोल्ट ठोकला आणि बाहेरूनच पुन्हा चौकटीत बसवलं. ते मागल्या अंगणात उघडत होतं, म्हणून सोपं गेलं; खोल्यांच्या दारांचे बोल्ट दूध उतू गेल्यावर.

दूध तोवर उन्हानं फाटलं होतं. जमनाबाईनं तेच आत नेलं, तेच चुलीवर ठेवलं. फाटलेलं असलं तरी उतू गेलं. नायकानं ते शुभ असल्याचं जाहीर केलं. भूक फार लागली होती.

लोक पंगतीला बसले तेव्हा उज्ज्वला न्हाणीत गेली. आतून खट्ट झालं. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही, कसलाच नाही. बाबुलाल वाढता वाढता दोनदा त्या दारापाशी जाऊन आला. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, तर जमनाबाईनं त्याच्या हातात बुंदीची परात दिली.

"वाढ. तिचं ती येते."

ती आलीच. तोंड धुतलेलं होतं.

त्यानंतर जमनाबाईला खोड लागली. तांड्यातली पोरगी सासरी निघाली की तिच्या पेटीत एक बोल्ट आणि इस्क्रूंची पुडी. तांड्यात सून आली की तिच्या घरी जाऊन तसंच. लोक तिला बोल्टवाली याडी म्हणायला लागले, आधी टोमण्यानं, मग नुसतंच. एका वरबापानं विचारलं, "आमच्या घरावर भरवसा नाही का?" ती म्हणाली, "भरवसा हाय म्हणून तं कुलूप नाही आणलं." दुसऱ्या एका घरानं बोल्ट परत पाठवला. तिनं त्या पोरीच्या पहिल्या माहेरपणात तोच तिच्या पिशवीत पुन्हा घातला, खाली, पापडांच्या बुडाशी.

अलीकडं तिला धाप लागायची. डॉक्टरनं फिरणं बंद सांगितलं होतं. तांड्यातल्या शामच्या पोरीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं, तेव्हा बाबुलाल म्हणाला, "मी आणून देतो, याडी. तू बस घरी."

"तू बाहेरूनचा आणशील," ती म्हणाली आणि ऑटोत जाऊन बसली.

सोयाबीनचा हंगाम होता. महागावच्या रस्त्यावर पोत्यांच्या गाड्या लागलेल्या. सदाशिवरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात तिनं बोल्ट मागितला, कानाशी धरला, मागंपुढं सरकवला.

"हा रडते. दुसरा दाखवा."

"अहो मावशी, बोल्ट आहे तो, पायपेटी नाही."

"रात्री वाजला तं घर उठन ना. दुसरा दाखवा."

चौथा तिला पटला. इस्क्रू मोजून घेतले, एक वाकडा निघाला तो बदलून घेतला. सदाशिवरावांनी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. तिथून ती सरळ वैष्णवीच्या घरी गेली, धाप टाकत ओट्यावर टेकली, पाणी प्याली. पोरीला हाक मारून तिच्या तळहातावर पुडी ठेवली.

"सासरी गेल्या दिवशीच लावून घेजो. आज-उद्या करू नको. आन लावला का एकदा बंद करून पाह्य, आत तू असताना."

वैष्णवीच्या आईनं चहा टाकते म्हटलं. जमनाबाई म्हणाली, साखर कमी. चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून तिनं संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि घराकडं चालायला लागली.