उंटवाल्याचा पाहुणचार

सौदीतल्या बुरैदा शहराबाहेर वाळूत रुतलेली माझी गाडी एका म्हाताऱ्या उंटवाल्याने ओढून काढली आणि मला थेट तंबूत नेऊन बसवलं. नाव त्याने विचारलं नाही, मीही नाही. इवल्याशा पेल्यात त्याने कडू कहवा दिला. पेल्यात काही उरवायचं नाही, ही आमची रत्नागिरीची शिस्त, म्हणून मी संपवला. त्याने भरला. मी संपवला, त्याने पुन्हा भरला. म्हाताऱ्याचा हात काही थांबेना.

शेवटी सूड म्हणून मी डब्याबरोबरच्या बाटलीतली सोलकढी त्याच्या पेल्यात ओतली. गुलाबी रंग बघून तो बिचकला, पण डोळे मिटून प्यायला. मी लगेच बाटली उचलली, तसा त्याने रिकामा पेला माझ्यासमोर डावीकडे-उजवीकडे हलवला.

"हे काय?"

"खलास! बास झालं की असा हलवायचा. नुसता रिकामा धरलास तर मी ओतणारच." मग दाढी पुसत म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या गावात कहवा मिळत नाही."

सुट्टीत घरी गेलो तेव्हा चहा संपवून मी आईसमोर ऐटीत कप हलवला.

"साखर तळाशी राहिली का रे?" म्हणत तिने तो पुन्हा काठोकाठ भरला.