तळ्याकाठी जागा भाऊच ठरवायचा

केळीच्या कामात माणूस राबतो कमी आणि वाट जास्त पाहतो. ट्रक दहाला येतो म्हणतात आणि दोनला येतो. तोवर पाल्याच्या ढिगावर बसायचं, बिडी ओढायची आणि तेच ते किस्से पुन्हा सांगायचे. ट्रक वेळेवर आले असते तर आमच्याकडे एकही किस्सा नसता!

आमची टोळी रावेरची, पाच माणसांची. माझा मोठा भाऊ टोळीचा मुकादम. त्याला सगळेच भाऊ म्हणायचे. वयानं मोठे ते आबा, स्वयंपाक त्यांच्याकडे; भाऊला ते आपल्या बोलीत 'भो' म्हणायचे. मग दिगू, तोंडानं मोठा. टेम्पोवाले नाना, धुळ्याकडचे. आणि मी, चौथीत शाळा सोडलेला.

थंडीत भरताची वांगी आली की आम्ही वर्षातून एकदा कामाला दांडी मारून सातपुड्याच्या पायथ्याला एखाद्या तळ्यावर मुक्कामाला जायचो. डोंगरातले नाले अडवून केलेली लहान लहान धरणं तिकडे बरीच आहेत, आम्ही त्यांना तळीच म्हणतो. ट्रकची ताडपत्री हा आमचा तंबू, केळीचा सुका पाला ही गादी. भाऊ याला ऐटीत 'कॅम्प' म्हणायचा, आणि जागा तोच ठरवायचा.

गेल्या श्रावणात भाऊ गेला. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. पुढे थंडी आली, वांगी आली, पण कॅम्पचं नाव कोणी काढेना. मला भीती वाटायला लागली की यंदा नाही गेलो तर आता कधीच जाणार नाही, आणि मग हळूहळू भाऊचं नावही कोणी काढणार नाही. शेवटी एक दिवस पाल्याच्या ढिगावरून मीच ओरडलो, "या रविवारी निघायचं!" कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. रविवारी सगळे टेम्पोत बसले होते.

ते मागून सांगतो. आधी भाऊच्या वेळचं.

*

पहिल्या कॅम्पला भाऊलाही काही कळत नव्हतं. झाडांमधून एक रुंद, गुळगुळीत पट्टा पाण्यापर्यंत उतरत होता. एक खडा नाही, एक काटा नाही.

"पाह्यलं?" भाऊ म्हणाला. "जशी काय आपल्यासाठीच सारवून ठेवली!"

तिथंच ताडपत्री ताणली. सकाळी चहा उकळत होता आणि जमीन हादरायला लागली. गावातली सगळी गुरं पाण्यावर निघाली होती! आम्ही झाडांमागे पळालो. ताडपत्री एका म्हशीच्या शिंगांवर बसून थेट तळ्यात गेली. गुरांमागून म्हातारा गुराखी सावकाश आला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, सांडलेल्या चहाकडे पाहिलं.

"दारातच झोपले का रे बापा? आत जागा नव्हती?"

*

त्यानंतर भाऊ जागा बघताना आधी खाली पाहायचा आणि मग वर पाहायचा. खाली खूर, शेण, मुंग्या. वर काय पाहतो ते तो सांगायचा नाही.

एकदा पाण्याला लागून मोठं डेरेदार झाड होतं. दिगूनं तिथंच पाला पसरला.

भाऊ म्हणाला, "दिग्या, वर पाह्य जरा."

"वर काय पाह्यचं? सावली हाये, अजून काय पाह्यजे?"

भाऊनं त्याला तिथंच सोडलं. आम्हाला घेऊन उघड्यावर गेला. सूर्य टेकला आणि बगळे आले. आधी दहा, मग वीस, मग झाडच पांढरं झालं. दिगू हट्टी, तसाच झोपला. सकाळी उठून आला तेव्हा भाऊ त्याला बराच वेळ न्याहाळत होता.

"दिग्या, येताना तू निळा शर्ट घातला होता ना?"

*

आबांची अडचण वेगळी. त्यांच्या भरताला वारा चालत नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची, आणि आच सगळीकडून सारखी लागली पाहिजे. म्हणून भाऊनं जागा ठरवली की आबा चूल मांडणार, ओलं बोट वर धरणार आणि मान हलवणार.

"इथी वारा हाये."

चूल उचलायची. पन्नास पावलांवर पुन्हा मांडायची.

"इथी तर वारा फिरतो!"

एका वर्षी असं चार वेळा झालं. पोटात कावळे ओरडत होते. पाचव्यांदा आबांनी बोट वर केलं तसा भाऊ हात जोडून उभा राहिला. "आबा, तुम्ही चूल धरून बसा. आम्ही तळंच फिरवतो!"

आबा आठवडाभर रुसले होते. भरीत मात्र त्या दिवशी असं झालं होतं की मी बोटं चाटत केळीचं पान फाडलं.

*

नाना पहिल्यांदा आले तेव्हा टेम्पोतून त्यांनी एक मोठा कॅन उतरवला, तोंडापर्यंत पाण्यानं भरलेला. दोन माणसांनी धरून आणावा लागला. समोर सगळं तळं पसरलेलं!

दिगू पोट धरून हसला. "नाना, तळ्यावर पाणी घेऊन आले?"

नानांचं गाव धुळ्याच्या कोरड्या बाजूचं. त्यांनी कॅनचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.

"हाई बठ्ठं पानी शे, माले दिसस. पन आपलं शे का ते?"

बठ्ठं म्हणजे सगळं, त्यांच्या अहिराणीत. दुपारी गुरांनी काठ ढवळून गढूळ केला, तेव्हा चहा नानांच्या पाण्याचा झाला. दिगूला त्यांनी शेवटचा दिला.

*

एकदा जळगावचे एक साहेब बायकोमुलांसह आले होते. त्यांच्याकडे खरा तंबू होता, दुकानातला, कापडी, खिडकीसकट. सोबत छापील कागद. साहेब कागद वाचत आणि काठ्या जोडत. आमची ताडपत्री ट्रकच्या गाठी मारून केव्हाच उभी राहिली होती. बाई दोनदा म्हणाल्या, "अहो, त्यांना विचारा ना." साहेब म्हणाले, "कागदात आहे सगळं."

कागदात वारा नव्हता. तंबू फुगला, उठला आणि पाण्यावर जाऊन बसला. मुलं रडायला लागली. मी काही विचार न करता धावलो आणि उडी मारली. पाण्यात पडल्यावर आठवलं, मला पोहता येत नाही!

भाऊनं मला केसांना धरून बाहेर काढलं. माझा खोकला थांबेपर्यंत पाठ चोळली. मग एक सणसणीत कानाखाली दिली.

"गधड्या, तंबू तरंगतो! तू तरंगत नाही!"

तो गाल आता दुखत नाही याचाच मला राग येतो.

*

तर यंदाचा कॅम्प.

केळीच्या बागेत घड घेऊन एका ओळीत निघालं की पुढचा ओझं टेकवत नाही तोवर मागचा टेकवत नाही. वाट अरुंद असते, मधेच कोणी थांबला तर सगळे अडकतात. आमच्यात पुढं भाऊ असायचा.

टेम्पो धरणाच्या भिंतीपाशी लावला. मी ताडपत्री डोक्यावर घेतली आणि झपाझप पुढं निघालो. जागा शोधायला नव्हे. डोळे भरून आले होते आणि ते दिगूनं पाहू नये, एवढंच. मला वाटलं, यांना आवडेल तिथं हे थांबतील. एक सपाट जागा गेली. सावलीची एक गेली. मागं पावलं वाजत होती. तळ्याला अर्धा वळसा झाला. पलीकडं डोंगर सरळ पाण्यात उतरतो. तिथं उतारावर, दगडगोट्यांत, माझं नाक वाहायला लागलं. ताडपत्री खाली टाकली आणि बाहीनं तोंड पुसलं.

मागं धप्प! धप्प! धप्प!

वळून पाहिलं तर तिघांनीही ओझी टेकवली होती.

"अहो, इथी नाही..." मी म्हणालो.

पण आबा चुलीला दगड लावायला बसलेही होते. नानांनी ताडपत्रीचा दोर एका झुडपाला बांधला. तिची एक बाजू हवेतच राहिली. दिगू मुकाट्यानं पाला पसरत होता, आणि पाला खाली घसरत होता.

तेवढ्यात वांग्यांचं पोतं कलंडलं. वांगी एकामागून एक गडगडत निघाली आणि डुबुक, डुबुक, तळ्यात! आम्ही पाहत राहिलो.

आबा उठले. धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरले, एकेक वांगं गोळा केलं आणि ओचा भरून वर आले.

"जागा बेस काढली भो," ते मला म्हणाले. "वांगे धुवाले जा लागलं नाही."