अण्णांचा ओढीचा ट्रॅक्टर

अण्णा मगदूम डिझेल गाळून घालायचे. पंपावरून आणलेला कॅन उघडून आधी वास घ्यायचे आणि मग जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून टाकीत ओतायचे. मी हसलो की म्हणायचे, "पानी गाळून प्यावं, डिझेल गाळून घालावं, आन् माणूस दोनदा गाळून घ्यावा." जैनांच्या घरात पाणी गाळायची रीतच आहे, बाकीचं सगळं अण्णांच्या स्वभावातलं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

सांगलीजवळच्या आमच्या गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. अण्णांच्या वडिलांचा ट्रॅक्टर गोठ्यामागे गंजत पडला होता. जतकडच्या जत्रांमध्ये ट्रॅक्टर ओढायच्या शर्यती सुरू झाल्या आणि साठी उलटलेल्या अण्णांनी तो ट्रॅक्टर शर्यतीसाठी उभा करायचं मनावर घेतलं. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीनं जोडायचे. जो दुसऱ्याला रेषेपार ओढील तो जिंकला. अण्णांनी इंजिन उतरवून नवे भाग घालून घेतलं, वजन वाढावं म्हणून मागच्या टायरांत पाणी घातलं. ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उठू नये म्हणून पुढं लोखंडी वजनं लावायची होती. त्यांची चौकट मी केली, बोल्ट अण्णांकडचे जुनेच वापरले, आणि ती होईपर्यंत अण्णा शेजारी स्टूल टाकून माझ्या हातांकडे बघत राहिले. शेडला त्यांनी पोत्यांचा पडदा लावला होता. कुणी डोकावलं की विचारायचे, "काय बघतूस? कुनी धाडलंय तुला?"

सगळ्यांत जास्त संशय धाकट्या भावावर, भूपालवर. बांधावरून दोघांचं बोलणं कधीच तुटलं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा बस्तीतून, गावच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन परतले, तर भूपाल हातात पाना घेऊन शेडमधून बाहेर पडताना दिसला. अण्णांना बघून तो तसाच बांधाकडे निघून गेला. अण्णांनी मला बोलावून घेतलं. दुपारपर्यंत आम्ही नट न् नट तपासत होतो. शेवटी वजनांच्या चौकटीला एक नवाकोरा बोल्ट दिसला.

"ह्यो आपला न्हवं," अण्णा म्हणाले.

"चांगला दिसतोय की. राहू द्या."

"चांगला दिसतोय म्हनूनच भ्या वाटतंय, गड्या."

जुना बोल्ट खाली मातीत पडला होता. अण्णांनी तोच पुसून परत बसवला.

जत्रेत साखळी ताणली गेली. अण्णांनी दुसऱ्या ट्रॅक्टरला चांगलं हातभर ओढलं, आणि तेवढ्यात तो बोल्ट तुटला. वजनं खाली पडली आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठू लागलं. अण्णा स्टिअरिंग घट्ट धरून थिजले होते. ट्रॅक्टर उलटला असता तर त्याच्याखालीच सापडले असते. बघ्यांच्या गर्दीतून, मैदानाची दोरी ओलांडून भूपाल धावला.

"अण्णा, क्लच दाबा. क्लच."

अण्णांनी दाबला. ट्रॅक्टर दणकन खाली आला. शर्यत गेली.

ट्रॅक्टर बाजूला घेतल्यावर अण्णांनी भूपालला विचारलं, "त्यो नवा बोल्ट तू बसवला हुतास?"

"व्हय. जुना आतनं झिजला हुता. तुमी ट्रॅक्टर रानात फिरवताना चौकट हललेली बांधावरनं दिसायची."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी काडला असता."

"न सांगता बी काडलाच की."

अण्णांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्यापुढं धरलं.

पुढच्या जत्रेत त्या ट्रॅक्टरवर भूपाल बसला. अण्णा माझ्याशेजारी दोरीपाशी उभे होते. मी विचारलं, "बोल्ट तपासलेत का?"

"भूपालनं तपासल्यात," ते शांतपणे म्हणाले. "आता आपुन काय बघायचं?"

साखळी जोडायला माणसं पुढं झाली. मग अण्णा माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "तू बी एकदा बघून ये."