कार्डावर नसलेलं

काकूंनी पोळी माझ्या ताटलीत ठेवली नाही. टाकली. हात ताटलीला लागू नये इतक्या उंचीवरून.

त्यांच्या मुलीने ते पाहिलं. दहा-अकरा वर्षांची, अमेरिकेतच जन्मलेली. तिने विचारलं, "मॉम, व्हाय आर यू थ्रोइंग इट?"

"ईट युअर फूड," काकू म्हणाल्या.

मी ती पोळी खाल्ली. चव आठवत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीत शंभर वर्षं जुन्या एका कापड गिरणीचं म्युझियम केलं होतं. तिथे मी गाइड होते. नवरा जवळच पिस्कॅटवेला एका लॅबमध्ये कामाला. मी नागपूरहून इतिहासात एम. ए. केलेलं, पण दुसरं काम मिळालं नव्हतं. शनिवार-रविवार टूर द्यायची. मॅनेजरने दिलेलं कार्ड पाठ म्हणायचं. मालकाने ओसाड नदीकाठी गाव वसवलं. घरं बांधली. शाळा दिली, चर्च दिलं. थँक यू फॉर कमिंग.

त्या शनिवारी वेस्ट विंडसरहून चार मराठी कुटुंबं आली. सगळे डॉक्टर, इंजिनियर. मी मराठीत बोलतेय म्हटल्यावर काकू हरखल्या. "अगं, लंचला आमच्यातच ये. पोळ्या खूप आणल्यात."

बाहेर हिरवळीवर चादर अंथरली होती. मी बसले. नवऱ्याशिवाय कुणाशी मराठी बोलून सहा महिने झाले होते. बरं वाटत होतं.

"नागपूरची का? माझं माहेर धरमपेठेत. तू कुठली?"

"इंदोरा."

नागपूरच्या माणसाला इंदोरा म्हटलं की पुढे जात विचारावी लागत नाही. तरी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. लोणच्याच्या बरणीकडे माझा हात गेला होता. त्यांनी बरणी उचलून पलीकडे ठेवली. "तू राहू दे. मी वाढते."

मग ती पोळी.

राग आला नाही. लिहायला लाज वाटते, पण नाही आला. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे झाले. मी कागदी ताटली कचऱ्यात टाकली, हात धुतले आणि उरलेली टूर द्यायला उभी राहिले.

मागांच्या खोलीत काचेच्या पेटीत एक धोटा, मागावर आडवा धागा नेणारी लाकडी नळी, ठेवलेला आहे. त्याच्यापुढे काका थांबले. काकूंचे मिस्टर. मोठ्या कंपनीत इंजिनियर.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "अशा मालकांनी हा देश उभा केला. इथे जात नाही, पात नाही. मेहनत केली की वर. आपल्याकडे नुसतं रिझर्व्हेशन."

मी कार्ड खिशात ठेवलं.

"धोट्याच्या ह्या भोकातून इथल्या पोरी धागा तोंडाने ओढायच्या," मी म्हणाले. "एकीने ओठाला लावलेला धोटा दुसरी लावायची. एकीचा क्षय दुसरीला. त्यातल्या काही ह्या तुमच्या मुलीएवढ्या. हे कार्डावर नाही.

"माझे आजोबा नागपूरच्या गिरणीत होते. त्यांना मागावर कधी घेतलं नाही. कारण धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि महाराचा उष्टा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. जन्मभर कापसाच्या गाठी वाहिल्या त्यांनी. हेही कुठल्या कार्डावर नाही. आणि काकू, मघाशी तुम्ही मला पोळी वरून टाकलीत."

आवाज चढला नाही माझा. दर टूरला कार्ड म्हणायचे त्याच आवाजात बोलले.

मग काकू म्हणाल्या, "अगं, अमेरिकेत आलोय ना आता आपण? इथे कशाला हे विषय?"

"तुम्ही आणलात म्हणून," मी म्हणाले.

ते निघून गेले. मुलगी मागे वळून बघत होती. तिला किती कळलं, माहीत नाही.

आठवडाभरात तक्रारीचं पत्र आलं. मॅनेजरने मला बोलावलं. भला माणूस. खुर्ची दिली, कॉफी दिली. म्हणाला, "जस्ट स्टिक टू द कार्ड. नाहीतर दुसरी नोकरी बघ."

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, "तुमच्या कार्डावर पोरी नाहीत. त्या येईपर्यंत मी ते म्हणणार नाही. नोकरीही सोडणार नाही. काढायचं असेल तर काढा. पण कशासाठी काढलं, ते कागदावर लिहा आणि खाली सही करा."

त्याने पेन उचललं. काही न लिहिता परत खाली ठेवलं.

शनिवारी मी कामावर गेले.