वरील मजकूर खरा आहे

माझ्या नवऱ्याचा धंदा तक्रारी लिहिण्याचा होता. मेहकरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली त्यांचं उतरतं डेस्क असे, आणि ज्यांना लिहिता येत नाही अशी माणसं समोर उकिडवी बसून आपलं दुःख सांगत. कोणाच्या शेताचा धुरा कोरून शेजाऱ्याने बांध सरकवला, कोणाची म्हैस कोंडवाड्यात गेली. ते सगळं हे ऐकून घेत आणि मोडीत भरभर लिहीत, "मी अर्जदार विनंती करतो की". आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, म्हणून प्रत्येक कागदाच्या माथ्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असंही लिहावं लागे. दिवसभर दहा जणांच्या वतीने बोलून ते संध्याकाळी घरी येत, तेव्हा स्वतःच्या वतीने बोलायला त्यांच्याजवळ काही उरलेलं नसे. होकाराचं "हाव" आणि जेवताना "वाढ" एवढ्यावर आमचा संसार तीस वर्षं चालला होता. तक्रार नव्हती.

माझी तक्रार सुरू झाली ती शेहेचाळिसाव्या वर्षी, ऐन थंडीत. घरची माणसं शेकोटीभोवती बसली होती आणि मी मागच्या अंगणात सुपाने वारा घेत उभी होते. छातीतून काहीतरी गरम वर चढे, मानेवरून कानापर्यंत जाई, मग लुगडं घामाने भिजे आणि लगेच हुडहुडी भरे. दिवसातून आठ-दहा वेळा. झोप गेली. काही कारण नसताना काळीज धडधडे. वरणात एक दिवस मीठ दोनदा पडे आणि दुसऱ्या दिवशी पडतच नसे. सरासरी बरोबर होती, पण जेवणारे सरासरी खात नाहीत.

पाळीला तर काही धरबंधच राहिला नव्हता. आमच्याकडे ते चार दिवस बाईने पडवीत वेगळं बसायचं, आणि त्याचा हिशेब सासूबाई भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवीत. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, पण रेघ कधी चुकली नव्हती. एका महिन्यात मी दोनदा बाहेर बसले, आणि दुसऱ्या खेपेला अंगावरून इतकं जाऊ लागलं की अकरा दिवस उठता आलं नाही. तेवढे दिवस सासूबाईंनी भाकरी थापल्या. थापताना त्या देवाला उद्देशून जे बोलत ते मला उद्देशून होतं. मग पुढे अडीच महिने काहीच आलं नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने आणि आपल्या मुलाकडे कौतुकाने पाहिलं. त्या पाहण्याचाही पुढे काही उपयोग झाला नाही.

"अंगात गरमी भरली तुह्या," असं निदान करून सासूबाईंनी उपाय सुरू केले. सब्जा भिजवून दिला, धन्या-जिऱ्याचं पाणी दिलं, गुलकंद दिला. काशाच्या वाटीने तूप लावून माझे तळपाय घासले. हे सगळं त्यांनी मनापासून केलं हे मला कबूल केलं पाहिजे. महिनाभराने माझे तळपाय नव्या नवरीसारखे मऊ झाले. बाकीची मी होते तशीच राहिले.

शेजारी अत्ताराचं घर होतं. त्या घरच्या चाची माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. सुपाने वारा घेताना त्यांनी मला कुंपणावरून पाहिलं आणि काही न विचारता म्हणाल्या, "भाभी, ये बीमारी नई. महीना जब जाता ना, तो लड़के जाता. मेरा तीन साल लड़ा." मी विचारलं, औषध काय केलं? "कायका औषध? मैं भी लड़ी." दुकानातलं बडीशेपेचं सरबत त्यांनी मला दिलं. त्याने बरं वाटलं की त्यांच्या बोलण्याने, हे सांगता येणार नाही. पण चाचींच्या बोलण्याला आमच्या स्वयंपाकघरात काही वजन नव्हतं.

असं वर्ष गेलं आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बारा-तेरा बायका बसल्या होत्या. मी कुंकू लावत होते, वाण देत होते, आणि तेवढ्यात ते वर चढू लागलं. या वेळी ते कानापाशी थांबलं नाही. शेवटच्या बाईच्या ओटीत वाण घातलं, मागे वळले, पाण्याची भरलेली कळशी उचलली आणि डोक्यावर ओतून घेतली. ओल्या लुगड्याने मी विचारलं, तीळगूळ सर्वांना मिळाला ना? मिळाला होता. दिवेलागणीच्या आत ही गोष्ट सगळ्या मेहकरात पसरली.

त्याच दिवशी जेवणं चालू असताना सासूबाई म्हणाल्या, "हे काई गरमीचं नाई. हे वारं हाय. माघाच्या अमुशेले तिले नेऊन बसवा. तीन अमुश्या बसली का उतरते."

कुठे बसवायचं ते सांगायची गरज नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी एक ठिकाण होतं, तिथे अशा बायकांना आणून सोडत. माहेरी जानेफळला जाताना बैलगाडीतून एकदा मी ते पाहिलं होतं. ओट्यावर मोकळ्या केसांच्या बायका बसल्या होत्या, आणि त्यांना आणणारं माणूस एकही तिथे नव्हतं. मला भीती वाटली. आपल्याला वेड लागेल ही भीती नव्हती, माझं डोकं जाग्यावर होतं हे मला माहीत होतं. पण मी म्हणते ते कोणी खरं धरणार नाही, आणि ओट्यावर बसून 'मी वेडी नाही' असं जी बाई म्हणते तिला तर कोणीच खरं धरत नाही.

यांनी अर्धं ताट टाकलं आणि उठून गेले. ताट टाकणारा माणूस हा नव्हता. मी वरणातल्या मिठाला दोष दिला.

दुसऱ्या दिवशी ते सरकारी दवाखान्यातून लाल औषधाची बाटली घेऊन आले. बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवलेली होती. मी विचारलं, "डॉक्टरले काय सांगतलं?"

"मले घाम येते, झोप येत नाई, काळीज धडधडते."

"मले?"

"मंग काय भर दवाखान्यात बायकोचं सांगू?"

डॉक्टरांनी त्यांची छाती ठोकून पाहिली होती, जीभ पाहिली होती, आणि तंबाखू सोडायला व पहाटे थंड पाण्याने आंघोळ करायला सांगितलं होतं. कचेरीसमोर बसणाऱ्या माणसाला हुकूम मोडता येत नाही. औषध मी घेतलं आणि तंबाखू त्यांनी सोडली. पंधरा दिवसांनी आम्हा दोघांपैकी एकाला गुण आला. त्यांचा खोकला गेला.

अमावास्या आठ दिवसांवर आली. सासूबाईंनी माझं जुनं लुगडं आणि एक घोंगडी वेगळी काढून ठेवली. त्या रविवारी हे आपलं डेस्क डोक्यावर घेऊन घरी आले. इतक्या वर्षांत डेस्क कधी घरी आलं नव्हतं. ते ओसरीत मांडून, टाक दौतीत बुडवून त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. मी बसले. उकिडवी नाही, मांडी घालून.

"नाव?"

"तुमाले मालूम नाई?"

"लिवा लागते." त्यांनी लिहिलं. "तक्रार काय हाय?"

सासूबाई आतल्या दारात डाळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले होते. मी डेस्ककडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हटलं, "काई नाई."

ते मात्र लिहीत राहिले. बराच वेळ लिहिलं. माझ्या लक्षात आलं की ते बाळबोधीत लिहीत आहेत. मोडीत त्यांचा हात पाण्यासारखा वाहायचा, बाळबोध अक्षर मात्र ते शाळेतल्या पोराप्रमाणे एकेक जुळवून काढीत होते. मी जानेफळच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली, मला बाळबोध वाचता येई, मोडी येत नसे.

"मोडीत काऊन नाई लिवून राह्यले?"

"बुलढाण्याले बायकाइची डॉक्टरीणबाई आली हाय. तिले मोडी येत नसंल."

कागदाची घडी त्यांनी कोटाच्या खिशात ठेवली. मला दाखवली नाही.

मंगळवारी आम्ही चिखलीवरून मोटारीने बुलढाण्याला गेलो. बुलढाण्याला थंडी जास्त. घाटमाथ्याचा वारा लागला तशी सगळ्या मोटारीने पांघरुणं ओढली आणि मला वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या होत्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी यांना व्हरांड्यात बसवलं, दार लावलं आणि मला विचारलं, "काय होतंय?"

हेच मला वर्षभर कोणीतरी विचारायला हवं होतं. आणि माझ्या तोंडात पुन्हा 'काही नाही' येऊन बसलं. शेवटी दारात यांनी हातात कोंबलेला कागद मी पुढे केला. बाईंनी तो वाचायला घेतला, दोन ओळींनंतर माझ्याकडे पाहिलं आणि मग मोठ्याने वाचू लागल्या.

"मध्यप्रांत व वऱ्हाड. मेहेरबान डॉक्टरीणबाई साहेब यांचे सेवेशी. अर्जदार बाई, वय सुमारे शेहेचाळीस, धंदा घरकाम, राहणार मेहकर, हिचा अर्ज ऐसा जे: कलम एक. अर्जदार बाईस दिवसातून आठ ते दहा वेळा छातीपासून कानापर्यंत उष्णता चढते. त्या वेळी ती दाराआड जाऊन मानेवर ओला पदर ठेवते, व कोणी विचारल्यास कांदा चिरत होते असे सांगते. कलम दोन. अर्जदारास झोप येत नाही. पडल्या पडल्या ती छताचे वासे मोजते. वासे एकवीस आहेत. कलम तीन. संक्रांतीस अर्जदाराने स्वतःवर कळशी ओतली हे खरे आहे, परंतु सर्व बायकांस वाण दिल्यानंतरच ओतली. यावरून तिची अक्कल शाबूत असल्याचे दिसून येते. कलम चार. अर्जदार दळताना गात असे. सालभरापासून गात नाही. सबब विनंती की, अर्जदारास वेडी न ठरविता तपासावे व औषध मिळावे."

वाशांचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. कांद्याचंही नाही. आणि वासे एकवीस आहेत हे मोजल्याशिवाय कोणाला कळत नाही.

"खाली पाहा," बाई म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. प्रत्येक अर्जाच्या शेवटी यांना एक वाक्य लिहावं लागे, 'वरील मजकूर खरा आहे', आणि त्याखाली अर्जदाराची सही. माझ्या सहीसाठी जागा मोकळी होती. पण त्याखाली तेच वाक्य आणखी एकदा लिहिलेलं होतं. 'वरील मजकूर खरा आहे. मी स्वतः पाहिला आहे.' साक्षीदार म्हणून यांची सही.

मी रडले. चांगली दणकून रडले. बाईंनी रडणं पुरतं होऊ दिलं आणि मग नाडी पाहिली.

त्यांनी नीट तपासलं. म्हणाल्या, पाळी जाण्याच्या वेळचं हे आहे, आणखी दोन-तीन वर्षं चालेल. वाऱ्याचा काही संबंध नाही. रक्त फार गेलंय म्हणून लोहाचं औषध दिलं, झोपेसाठी एक मिश्रण दिलं. इतके दिवस पुन्हा गेलं तर ताबडतोब इथे यायचं. "उष्णता घालवणारं रामबाण औषध माझ्याकडे नाही, खोटं कशाला सांगू? वाऱ्याला झोपा, हलकं नेसा. आणि घरच्यांना माहीत असू द्या." हे सगळं त्यांनी अर्जाच्याच मागे लिहून दिलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलं होतं त्या कागदात? वाच."

यांनी वाचलं, दोन्ही बाजूंनी. सासूबाई भिंतीवरच्या रेघांकडे पाहत ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "मलेई असंच होये वं. तू ह्या घरात आली त्याच्या आंधीच्या साली. असीच आग, असाच घाम. तुह्या सासऱ्यानं मले तिथं नेऊन बसवलं. तीन अमुश्या." मग यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, "माहा बिछाना यानंच पोचवला होता. पंदरा-सोळाचा असंन."

हे डेस्कापाशी बसून टाकाचं टोक पुसत होते. ते पुसून झालं होतं तरी पुसत होते. संक्रांतीच्या दिवशी वरणात मीठ बरोबर होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मले वाटे, त्याच्यानंच उतरलं," सासूबाई म्हणाल्या. "मले कोनी काई इचारलंच नाई." मग त्यांनी हात पुढे केला. "याच्याखाली माहा आंगठा घे."

"माय, अर्ज देऊन झाला."

"झाला तं झाला. घे."

यांनी चिंधी शाईत बुडवून त्यांच्या अंगठ्याला लावली आणि कागद पुढे सरकवला. अंगठा फार जोरात दाबला गेला, रेषा एकही उमटली नाही, नुसता काळा डाग. त्याशेजारी यांनी बाळबोधीत लिहिलं, 'साक्षीदार दुसरा, निशाणी अंगठा.' मी माझी सही तेव्हा केली.

लुगडं आणि घोंगडी सासूबाईंनी परत पेटीत ठेवली. अमावास्येला आम्ही तिघंही घरीच जेवलो. माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, आणि थंडी वाजते असं कोणी म्हणालं नाही.