झाकणावरचा शेंदूर

माझ्या लहान भावावर मी जळत होतो. आता केस पिकले, लपवून काय करू?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. संत्री वाहायला आम्ही नागपूरहून एक वापरलेली पिकअप घेतली, पेट्रोलवर चालणारी. ती मी शोधली, घासाघीस मी केली, आमच्या सौंसरपर्यंत चालवत मीच आणली. लहाना तेव्हा घरी झोपला होता. दसऱ्याला बाबूजींनी दोघांना समोर बसवून सांगितलं की एकानं गाडी पाहायची, एकानं संत्र्याचा बगीचा. दिवाळीपर्यंत दोघंही चालवा, ज्याच्या हातानं नीट चालेल त्याची चाबी. मला चाबी पाहिजे होती. जन्मभर झाडाच्या बुडाशी पाणी फिरवत बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पण ती सटवी माझ्या हातात नखरे करून राहिली होती. सौंसरहून पांढुर्ण्याला निघालो की सुरुवातीला छान पळायची. मोहगावकडचा चढ आला की दम सोडायची. कितीही दाबा, ओढच नाही. बाजूला घेऊन उभी केली की जागच्या जागी थरथरायची, मिस मारायची आणि बंद पडायची. पंधरा-वीस मिनिटं मी बीडी ओढत बसलो की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. आणि लहाना तोच रस्ता, तेवढाच माल घेऊन जायचा, तर एकदाही नाही! संध्याकाळी येऊन हातपाय धुता धुता सांगायचा, काहीच तं नाही झालं. माय म्हणायची, लहान्याचा हात गुणाचा. त्या दिवशी मला भाकर गोड लागायची नाही.

सौंसरच्या मिस्त्रीनं आधी प्लग बदलले, मग पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला. कार्बोरेटर तर मी स्वतः तीनदा खोलला. पेट्रोलची नळी तोंडानं फुंकली, तोंडभर पेट्रोल आलं. शेवटी मिस्त्री कंटाळून म्हणाला की गाडीत काही नाही, तुमच्या पायात खोट आहे, लहान भाऊ कसे चालवतात ते पाहा. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्याकडे जाणंच सोडलं.

आता मायची एक गोष्ट सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोळ्याला बैलाच्या कपाळी टिळा लावते तशी ती गाडीलाही लावायला आली होती. गाडीचं तोंड कोणतं, तिनं विचारलं. आम्ही दोघं हसलो आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण दाखवलं, जिथून पिते तेच तोंड. झालं! तेव्हापासून दर शनिवारी तेलात कालवलेला मारुतीचा शेंदूर त्या झाकणावर बसायचा, थरावर थर. आम्ही कोणीच काही म्हटलं नाही. देवाच्या कामाला कोण नाही म्हणतं?

दिवाळीच्या आधी एकदा त्याच चढावर गाडी पुन्हा मेली. पेट्रोल तरी आहे की नाही, म्हणून रागारागानं झाकण फिरवलं, तर टाकीनं फुस्सकन हवा आत ओढली. चाबी फिरवली, एका झटक्यात चालू. मी झाकण हातात घेऊन बसून राहिलो. मधोमध टाचणीएवढं भोक होतं आणि ते शेंदरानं गच्च भरलेलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडत अडत येतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते, हे आमच्या घरातलं लेकरूही सांगेल. टाकीला हवा मिळत नव्हती, म्हणून इंजिनाला पेट्रोल मिळत नव्हतं. थांबलो की कुठूनतरी हळूहळू हवा शिरायची आणि गाडी शहाणी व्हायची.

आणि लहान्याचा गुणाचा हात? गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडलेला होता. लहाना मोठा भित्रा, दर दोन-चार मैलांवर थांबून टाकीत काडी घालून पेट्रोल मोजायचा. झाकण उघडायचा, बाप्पा, एवढंच! मी अंदाजानं चालवणारा, मी कशाला उघडू? बाभळीचा काटा मोडला, भोक साफ केलं आणि सुसाट घरी आलो.

घरी येऊन सांगायला पाहिजे होतं. ओठावर आलंही होतं. पण बाबूजी लहान्याला सांगत होते, या शनिवारी मी तुझ्यासंग येतो पांढुर्ण्याला. म्हणजे चाबी त्याचीच ठरली होती की! गाडी सुधारली तर आता दोघांच्याही हातात चालणार, आणि एकदाही न अडलेला तोच राहणार. मी तोंड मिटलं.

माय त्या आठवड्यात मामाकडे रामाकोन्याला गेली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी नेऊन टाकी काठोकाठ भरून आणली. देवाजवळची शेंदराची डबी घेतली आणि अंगठ्यानं ते भोक दाबून दाबून भरलं. वरून लहान्याला म्हटलं की टाकी फुल केली आहे, उद्या काडीचं काम नाही. तो खूश झाला. भाऊ, तू माह्यासाठी एवढं केलं, म्हणाला.

शनिवारी चढावर गाडी मेली ती मेलीच. लहान्यानं प्लग काढले, नळी फुंकली, घामाघूम झाला, काही अंतर गेला की पुन्हा तेच. पांढुर्ण्याला पोचले तेव्हा लिलाव उठला होता, माल मिळेल त्या भावात टाकावा लागला. संध्याकाळी लहाना मान खाली घालून अंगणात उतरला. खरं सांगतो, मला आनंद झाला. मग बाबूजी बोलले. लोधीखेड्याच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी पांढुर्ण्यातच गाडी विकण्याचा शब्द दिला होता. "नको ती भानगड," म्हणाले. "दोघंही बगीचा पाहा."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो मी केला होता. अजूनही सांगता आलं असतं. पण तुला कसं ठाऊक, असं बाबूजींनी विचारलं असतं तर? तीन दिवस मी बगीच्यात पाणी फिरवत राहिलो.

व्यापारी आला. लहान्यानं त्याला सगळी गाडी फिरून दाखवली. शेवटी झाकण काढलं, खिशातून बाभळीचा काटा काढला आणि त्या भोकात घालून दाखवला. हे भोक मोकळं ठेवजा, मग ही कुठंच अडणार नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. शनिवारी परतीच्या वाटेवरच त्यानं झाकण उघडून ताजा शेंदूर पाहिला असणार, पण तोवर बाबूजींचा शब्द गेला होता.

गाडी गेली. बाबूजी आत गेले. अंगणात आम्ही दोघंच उरलो. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, मायपण ना, कुठंही शेंदूर लावून ठेवते. लहाना रस्त्याकडे पाहत होता.

"माय तं त्या शनवारी रामाकोन्याले होती, भाऊ."

एवढं बोलून फावडं घेऊन तो बगीच्याकडे निघाला. पुढं बाबूजी गेले, माय गेली. त्यानं कोणालाच सांगितलं नाही, आणि अजून मला भाऊच म्हणतो.